बटणाची आणि बिनबटणाची

नागपुरात लहानपणी मी बंदूक पाहिली ती फक्त बँकेच्या दारात. खाकी कपड्यातले एक मिशीवाले काका स्टुलावर बसलेले असायचे आणि त्यांच्या मांडीवर दुनळी आडवी असायची. वडिलांबरोबर आत जाताना मी मुद्दाम त्यांच्या दुसऱ्या बाजूला जायची. नळीचं तोंड आपल्याकडे नको, एवढंच तेव्हा कळत होतं. पुढे इंजिनिअरिंग झालं, अमेरिकेत मास्टर्स झालं, लग्न झालं, मिशिगनमध्ये ट्रॉयला घर घेतलं, तरी बंदुकीबद्दलची माझी समज त्या स्टुलापाशीच अडकलेली होती.

ट्रॉयमध्ये मी गाड्यांच्या दरवाजांच्या कुलपांची टेस्टिंग करायची. एकच दरवाजा हजारो वेळा उघडायचा, मिटायचा, बर्फात गोठवायचा, त्याच्यावर मिठाचं पाणी मारायचं, आणि तो कधी दगा देतो त्याची वाट बघायची. या कामाने माणसाला एक सवय लागते. प्रत्येक वस्तूकडे बघून, ही कशी बिघडेल, हा प्रश्न आधी डोक्यात येतो. माझा नवरा पुण्याचा, आयटीतला. तो म्हणायचा, "तू पाळण्यात झोका घेतानासुद्धा कडीचे बोल्ट बघत असशील."

आमच्या शेजारी एक अमेरिकन जोडपं राहायचं. दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यातले गृहस्थ गाड्यांच्या कारखान्यात साचे बनवण्याचं काम करून निवृत्त झालेले. आमची मुलगी तीन वर्षांची असल्यापासून त्यांना आजी-आजोबाच म्हणायची, आणि तिचं ऐकून आम्हीही. आजींना तो शब्द इतका आवडला होता की फोनवर स्वतःची ओळख 'धिस इज आजी' अशी करून द्यायच्या. मुलगी पहिलीत गेली तेव्हा शाळा सुटल्यावर मी ऑफिसातून येईपर्यंत ती त्यांच्याकडेच असायची. त्यांच्या बेसमेंटमध्ये तिच्यासाठी एक कोपरा केला होता. गालिचा, जुना टीव्ही, बाहुल्यांचं घर, आणि जिन्याखालच्या कपाटात खेळांचे खोके.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी मी मुलीला बोलवायला गेले तर आजोबांच्या गॅरेजचं दार वर होतं. आत टेबलावर दोन रायफली ठेवलेल्या. मी उंबऱ्यावरच थांबले. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो, त्याआधी ते दरवर्षी त्या साफ करायचे.

"ये इंजिनिअर," ते म्हणाले. "रिकाम्या आहेत. दोनदा बघितलंय. तुला आवडेल हे."

मला अजिबात आवडणार नव्हतं. पण त्या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. मी आत गेले आणि टेबलाच्या मागच्या बाजूला, नळ्यांच्या तोंडापासून लांब उभी राहिले. ते बघून ते हसले. "बरोबर उभी राहिलीस," म्हणाले.

दोन्ही रायफली एकाच जातीच्या होत्या. चापाभोवती बोटं घालायची एक लोखंडी कडी असते, तीच लिव्हर. ती खाली ओढली की आधीचं काडतूस बाहेर उडतं आणि काडतुसावर आपटणारा घोडा मागे जाऊन ताणला जातो. वर मिटली की नळीखालच्या लांब नळकांड्यातून पुढचं काडतूस येऊन नळीच्या बुडाशी, चेंबरमध्ये बसतं. काडतुसं त्या नळकांड्यात एकामागे एक आडवी असतात, त्यामुळे आत किती आहेत ते बाहेरून दिसत नाही. मला ही गोष्ट तिथल्या तिथे खटकली. भरलंय की रिकामं हे बाहेरून न दिसणारं यंत्र आमच्या लॅबमधून पुढे गेलं नसतं.

जुनी रायफल आजोबांच्या वडिलांची होती, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची. तिचा काळा रंग हात लागून लागून जिथेतिथे चांदीसारखा झाला होता. आजोबांनी तिची लिव्हर हलवली तेव्हा जेमतेम आवाज आला. सगळे भाग एका पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढल्यासारखे एकमेकांत बसत होते. नवी त्यांना निवृत्तीच्या वेळी आजींनी दिलेली. तिची लिव्हर जरा खडखडायची, पण अंग जाड होतं. जुनीतून काडतूस वरच्या बाजूने, जवळजवळ कपाळाला चाटून बाहेर उडायचं. नवीत ते उजव्या कुशीतून उडायचं, त्यामुळे वर दुर्बीण बसवता यायची. पण खरा फरक घोड्यापाशी होता.

"जुनीला कुलूप नाही," आजोबा म्हणाले. "घोडा खाली, घोडा अर्धा, घोडा पूर्ण मागे, बस. काडतूस आत आहे, घोडा ताणलेला आहे आणि हरीण निघून गेलं, तर काय करायचं? अंगठ्याने घोडा धरायचा, चाप ओढायचा, आणि घोडा हळूहळू अर्ध्यावर आणून सोडायचा."

"आणि अंगठा घसरला तर?"

"तर गोळी सुटते."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. नोव्हेंबरातलं मिशिगनचं जंगल, बधिर झालेली बोटं, जाड हातमोजे, आणि सगळी भिस्त एका अंगठ्यावर.

नवीला घोड्याजवळ एक लहानसं आडवं बटण होतं. एका बाजूने दाबलं की घोडा पडला तरी गोळी सुटत नाही. दुसऱ्या बाजूने दाबलं की बटणाभोवती लाल कडं दिसतं, म्हणजे बंदूक तयार. शिवाय बटण लावून ठेवूनही लिव्हर हलवता येते, म्हणजे रिकामी करताना जीव टांगणीला नाही.

"नवीचं डिझाइन चांगलं आहे," मी लगेच म्हणाले. "माणूस चुकणार हे तिने धरलंय."

"ते बटण कंपनीच्या वकिलांनी खटल्यांच्या भीतीने लावलंय," आजोबा म्हणाले. "मी सांगतो तुला. जुनी हातात असली की मला ठाऊक असतं, इथे मला वाचवायला कोणी नाही. मी टक्क जागा असतो. नवी हातात असली की मन जरा पेंगतं."

आम्ही बराच वेळ वाद घातला. मग त्यांनी प्लास्टिकची नकली काडतुसं काढली आणि दोन्ही रायफली भरून रिकाम्या करायला मला लावल्या. तीन-तीन वेळा. बोट चापापासून लांब, नळी भिंतीकडे. शेवटी ते म्हणाले, "बंदूक घरात येते ती रिकामी. शिकारीच्या कॅम्पवरच रिकामी करायची, मोजायची, पुन्हा बघायची. चाळीस वर्षांत मी हे एकदाही चुकवलेलं नाही."

पुढच्या ऑगस्टमध्ये आजोबा गेले. हृदयविकार. सकाळी बागेला पाणी घालत होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ऑफिस अर्धा दिवस होतं. मी मुलीला शाळेतून घेऊन घरी आले आणि एकच्या सुमाराला आजींचा फोन आला.

"तुला जरा येता येईल का? एकटी ये."

मुलीला टीव्हीसमोर बसवून मी गेले. आजी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या होत्या. ओव्हनच्या बाजूला टर्की पातेल्यात तशीच पडलेली. त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन. सुनेने सकाळी फोनवर विचारलं होतं की त्या बंदुका अजून घरात आहेत का. आहेत म्हटल्यावर ती म्हणाली, मग आम्ही हॉटेलात उतरतो.

"मी बंदुकांच्या दुकानात फोन केला," आजी म्हणाल्या. "ते घ्यायला तयार आहेत. पाचपर्यंत उघडे आहेत. पण म्हणाले रिकाम्या करून, लिव्हर उघडी ठेवून आणा. मला काहीच येत नाही. पन्नास वर्षांत मी बंदुकीला हात लावला नाही. तुला मात्र त्यांनी शिकवलं होतं."

"पोलिसांना बोलावू या का?"

"त्यांच्या वस्तू पोलिसांच्या गाडीतून गेलेल्या मला बघवणार नाहीत." त्यांचे डोळे भरले. "आणि रिकाम्याच असणार गं. तुला माहीतच आहेत ते. फक्त लिव्हर उघडून दे."

"आहेत कुठे?"

"खाली. जिन्याखालच्या कपाटात."

मला क्षणभर कळेना त्या काय म्हणताहेत. जिन्याखालच्या कपाटात खेळांचे खोके होते. माझी मुलगी रोज ते कपाट उघडायची.

"गॅरेजमध्ये लोखंडी कपाट होतं ना? कुलपाचं?"

"मागच्या वर्षी कॅम्पवरून आले तेव्हा त्याची किल्ली सापडेना. मग म्हणाले, तात्पुरत्या खाली ठेवतो. कोटांच्या मागे. मी त्यानंतर विसरूनच गेले."

मागच्या वर्षी. म्हणजे पूर्ण एक वर्ष.

मी घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. तो ऑफिसातून निघालेलाच होता. सगळं ऐकून तो ओरडला, "अगं, वेड लागलंय का तुला? हात लावू नकोस! आपण एच-वन व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डाचं काम चालू आहे. काही झालं तर कोणाला काय सांगणार आहेस? कॅन्सल कर म्हण त्यांना."

"काय कॅन्सल करू? थँक्सगिव्हिंग?"

"पोलिसांना फोन कर यार."

"त्या तयार नाहीत. आणि मी नाही म्हटलं तर त्या स्वतः करतील, आणि त्यांना काही माहीत नाही."

त्याने गाडी सुरू केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मी येतो, पोरीला घेऊन जातो. लांब जातो. तू आधी मला गाडी वळणावरून बाहेर काढू दे, मगच काय ते कर."

तो आला, मुलीला गाडीत बसवलं, काच खाली करून माझ्याकडे नुसतं बघितलं. मुलगी मागून विचारत होती, "व्हेअर आर वी गोइंग? व्हाय इज आई नॉट कमिंग?" तो तिला भारतीय वाणसामानाच्या दुकानात घेऊन गेला आणि पुढचा दीड तास गाडी तिथल्या पार्किंगमध्ये उभी करून बसून राहिला. दर दहा मिनिटांनी माझा फोन वाजत होता. शेवटी मी तो आजींच्या स्वयंपाकघरात ठेवून खाली गेले.

बेसमेंटचे सगळे दिवे लावले. बाहुल्यांचं घर उचलून वर नेलं, गालिच्यावरचे रंगीत खडू गोळा केले. एक भिंत पूर्ण मातीत होती, बाहेर फक्त जमीन. मी त्या भिंतीला लागून आजोबांच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे रचले. त्याने गोळी अडली असती की नाही, कोण जाणे. आजींना म्हटलं, वर जाऊन बसा. त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या आणि हलल्या नाहीत.

कपाटातले खोके बाहेर काढले. कोट बाजूला केले. मागे हिरव्या कापडाच्या दोन लांब पिशव्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या, चेन लावलेल्या. एकीची चेन थोडी उघडी होती आणि त्यातून जुनीचा झिजलेला दस्ता दिसत होता. मी आधी तीच घेतली. ती मला जास्त भयंकर वाटत होती, म्हणून ती आधी संपवायची होती.

ती पिशवीतून बाहेर काढली. बोट चापापासून लांब, नळी भिंतीकडे. घोडा खाली होता. मी लिव्हर ओढली. वर काहीच उडालं नाही. चेंबर रिकामं. आजी पायऱ्यांवरून म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मी लिव्हर मिटली. मिटताना हाताला काहीतरी जड सरकल्यासारखं लागलं. पुन्हा ओढली, आणि एक पिवळंधमक काडतूस उडून गालिच्यावर पडलं.

आजींनी तोंडावर हात ठेवला होता.

आता थांबता येत नव्हतं. लिव्हर प्रत्येक वेळी मिटली की एक खरं काडतूस चेंबरमध्ये बसत होतं आणि घोडा पूर्ण ताणलेला राहत होता, आणि मध्ये कुलूप म्हणून काहीच नव्हतं, फक्त माझं चापापासून दूर ठेवलेलं बोट. गॅरेजमधली नकली काडतुसं हलकी होती. ही जड होती, आणि खाली पडताना त्यांचा आवाज वेगळा येत होता. दुसरं पडलं. तिसरं. चौथं. मग लिव्हर ओढली, काही नाही. पुन्हा ओढली, काही नाही.

"झालं," आजी म्हणाल्या. "आता घोडा खाली सोड. ते सोडायचे. चाप ओढून सोडायचे, टक् असा आवाज यायचा."

माझं बोट त्या दिशेने निघालंही होतं. का थांबलं ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित लॅबमधली सवय असेल, दोनदा पास झालं तरी तिसऱ्यांदा बघायची. मी लिव्हर उघडी ठेवून नळीचं तोंड हळूहळू छताच्या कोपऱ्याकडे वर केलं आणि रायफल जराशी हलवली. नळकांड्यातून काहीतरी घरंगळत खाली आलं. ऐंशी वर्षांची स्प्रिंग. शेवटचं काडतूस ढकलायला तिच्यात जोरच उरला नव्हता. ते आत अडकून राहिलं होतं. मी नळी पुन्हा भिंतीकडे केली, लिव्हर मिटली, ओढली. पाचवं काडतूस बाहेर आलं.

मी खालीच बसले. आजी उतरून आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्यांनी भरलेली घरात आणली?" त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या. "ते असं करणारच नाहीत."

मी बॅटरी घेऊन चेंबरमध्ये बघितलं, करंगळी घालून बघितलं, नळी पाच-सहा वेळा वर-खाली केली. मग लिव्हर उघडी ठेवून ती रायफल गालिच्याच्या टोकाला ठेवली.

खरं सांगते, नवीची पिशवी उचलताना मला हायसं वाटलं होतं. हिला बटण आहे. हिच्यात काही असलं तरी बटण लावून काढता येईल. मी पिशवी जमिनीवर आडवी ठेवली, नळीचं टोक भिंतीकडे, आणि चेन सावकाश उघडली.

घोडा मागे होता. पूर्ण मागे, ताणलेला.

मी हात काढून घेतला. गॅरेजमध्ये आजोबांनी घोडा ताणलेला दाखवला होता तेव्हा तो असाच दिसत होता, मान मागे टाकलेल्या कोंबड्यासारखा. म्हणजे आत काडतूस असू शकत होतं. असणारच होतं. शिकारीच्या जागी लिव्हर ओढून मिटली असेल, हरीण आलं नसेल, मग बटण लावलं आणि तसंच उचलून पिशवीत घातलं. जुनीच्या बाबतीत ते तसं करू शकलेच नसते. ताणलेला घोडा घेऊन कोण चालेल? तिने त्यांना घोडा खाली आणायला लावला असता. हिने नाही लावला.

बटण लावलेलं होतं की नव्हतं? मी वाकून बघितलं. लाल कडं दिसत नव्हतं. म्हणजे लावलेलं. पण मला त्या क्षणी नीट आठवेना. लाल दिसलं म्हणजे तयार, की लाल दिसलं म्हणजे बंद? मोटारीत लाल म्हणजे थांबा. इथे उलटं होतं, असं मला वाटत होतं. मी डोळे मिटून गॅरेजमधलं त्यांचं वाक्य आठवायचा प्रयत्न करत राहिले आणि दर वेळी ते मला दोन्ही प्रकारांनी ऐकू येत होतं.

"आजी, ते लाल कड्याबद्दल तुमच्याशी कधी बोलले होते?"

"माझ्याशी? नाही." मग थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "नातवाला एकदा सांगत होते. रेड, यू आर डेड. असं काहीतरी."

लाल म्हणजे गोळी सुटणार. लाल नाही, म्हणजे बटण लागलेलं. मी आजींना पुन्हा जिन्यावर पाठवलं. रायफल पिशवीतच ठेवून, डाव्या हाताने नळी भिंतीकडे दाबून धरून, उजव्या हाताची तीन बोटं लिव्हरमध्ये घातली आणि पहिलं बोट सरळ ताठ बाहेर ठेवलं, इतकं ताठ की दुखायला लागलं. लिव्हर ओढली. पहिल्याच ओढीला काडतूस कुशीतून बाहेर पडलं. ते चेंबरमध्येच होतं. वर्षभर. बटणाच्या पलीकडे, खेळांच्या खोक्यांमागे, माझ्या मुलीच्या खांद्याच्या उंचीवर.

बाकीची तीन मी कशी काढली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सगळं झाल्यावर दोन्ही रायफली लिव्हर उघड्या टाकून शेजारी शेजारी पडल्या होत्या, आणि मी आजींच्या बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.

बाहेर आले तर आजी गालिच्यावर बसल्या होत्या, काडतुसं ओंजळीत घेऊन.

"मागच्या वर्षी ते दोनदा घराचा रस्ता चुकले होते," त्या म्हणाल्या. "एकदा कॉफीची किटली फ्रीजमध्ये ठेवली होती. मी हसले होते. तेही हसले होते. मी मुलाला सांगितलं नाही. मला वाटलं, वय झालंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी तुझ्या मुलीला रोज इथे खाली पाठवत होते."

त्यांना धीर द्यायला हवा होता. मला दिला गेला नाही. मी रायफली पिशव्यांत घातल्या, त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवल्या, आणि आम्ही दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने दोन्ही चेंबरमध्ये प्रकाश टाकून बघितलं, जुनी हातात तोलून धरली आणि म्हणाला, "अशी आता कोणी बनवत नाही." आजींनी मान वळवली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला गेलो. आजींचा मुलगा दोनदा माझ्याजवळ येऊन थँक्यू म्हणाला. त्याची मुलं बेसमेंटमध्ये धावत होती आणि मी ताट तसंच ठेवून जिन्यापाशी जाऊन उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात गाडी चालवताना मी मुलीला सहज विचारावं तसं विचारलं, "आजींच्या त्या जिन्याखालच्या कपाटात काय काय असायचं गं?"

"गेम्स. अँड कोट्स."

"आणि मागे?"

"यू मीन द ग्रीन बॅग्ज?" ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "आय हाइड बिहाइंड देम. आजी नेव्हर फाइंड्स मी."

मी गाडी एका पेट्रोल पंपावर वळवून थांबवली. तिला वाटलं पेट्रोल भरायचंय.

त्यानंतर मी तिला आजींकडे पाठवणं बंद केलं. शाळेतल्या एका क्लासला घातलं आणि आजींना सांगितलं की तिला चित्रकला शिकायचीय. आजींनी "छान" म्हटलं. त्यांना कळलं होतं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मी ऑफिसात दरवाजे उघडत-मिटत होते आणि मधेच त्या ताणलेल्या घोड्याचा विचार येऊन हात थांबायचा. बटण चांगलं डिझाइन आहे असं मी म्हणाले होते. अजूनही तसंच म्हणेन. पण ते लावणारा माणूस ते लावल्याचं विसरू शकतो, हे मी कुठल्याही टेस्टमध्ये धरलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका दुपारी आजी बर्फातून चालत आमच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "तू माझ्याबरोबर ये. मला तुला घर दाखवायचंय."

त्यांनी मला प्रत्येक खोलीत नेलं. प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक खण ओढला. पलंगाखाली वाकून दाखवलं, त्या वयात. आजोबांच्या गॅरेजमधलं लोखंडी कपाट मुलाने कापून काढून नेलं होतं. खाली जिन्याखाली आता दारच नव्हतं, नुसता मोकळा कोनाडा, त्यात खेळांचे खोके रचलेले.

"त्यांना कळत असेल का गं?" जिन्यापाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं. "की आपण विसरायला लागलोय?"

मला गॅरेजमधला तो शनिवार आठवला. त्यानंतर महिन्याभरानेच ते कॅम्पला गेले होते आणि बंदुका भरलेल्या घेऊन आले होते. "त्यांनी मला दोन्ही रायफली तीन-तीन वेळा रिकाम्या करायला लावल्या होत्या," मी म्हणाले. "मी काही शिकारीला जाणार नव्हते."

आजींनी कोनाड्यातला एक खोका सरळ केला. मग नाक पुसून म्हणाल्या, "सोमवारी येईल का ती?"

मी हो म्हणाले. मला भीती वाटतच होती, आणि मी हो म्हणाले.

पुढे आम्ही पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला आलो. मुलगी मोठी होत गेली, तिच्या मैत्रिणी झाल्या, त्यांच्या घरी राहायला जाणं सुरू झालं. दर वेळी मी त्या आईला फोन करून विचारायची, तुमच्या घरात बंदूक आहे का, असेल तर कुठे आहे, भरलेली आहे का. मुलीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "आई, नोबडी आस्क्स दॅट!" महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू हसून म्हणाल्या, "अगं, असं विचारतात का कोणाला? वाईट दिसतं." माझाही आवाज दर वेळी कापायचा. बहुतेक जणी नाही म्हणायच्या. काही जणी चिडायच्या.

एकीने मात्र मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "थांब, मी बघून येते." मी फोन कानाला लावून उभी राहिले. लांबवर तिची पावलं जिना चढताना ऐकू येत होती.